लघवीच्या संसर्गावरील अँटिबायोटिक: तिसऱ्या दिवशी बरे वाटले तर काय करावे?

खानापूर तालुक्यातील एका ताईंनी आपल्या सासूबाईंविषयी विचारले आहे. सासूबाईंचे वय ६४ वर्षे असून त्यांना मधुमेह आहे आणि त्यासाठी त्या रोज ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. उन्हाळी लागून अंगात ताप भरल्यावर बेळगावच्या डॉक्टरांनी लघवीचा नमुना कल्चरसाठी (त्यातला जिवाणू वाढवून त्यावर कोणते औषध चालते ते पाहण्याच्या तपासणीसाठी) पाठवला आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ सात दिवस घेण्यास सांगितली. तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली, ताप उतरला, मात्र दोन वेळा पातळ शौचास झाले. गुडघ्यांसाठी कॅल्शियमची आणि कंबरेसाठी आणखी एक गोळी मिरजेच्या डॉक्टरांनी दिलेली आहे, तीही चालू आहे. आता बरे वाटत असल्याने उरलेल्या गोळ्या बंद करून पुढच्या वेळेसाठी ठेवाव्यात का, आणि गोळी उष्ण पडू नये म्हणून दुधाबरोबर दिली तर चालेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, मी बेळगावात औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून सव्वीस वर्षे काम करतो आहे. आपल्या दोन्ही प्रश्नांचे थोडक्यात उत्तर ‘नाही’ असेच आहे: गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका आणि दुधाबरोबर देऊ नका. परंतु त्याआधी, पुढची गोळी देण्यापूर्वीच, एक काम करा. मिरजेहून आणलेल्या कंबरदुखीच्या गोळीची पट्टी उजेडात धरून तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली नावे वाचा किंवा कोणाकडून तरी वाचून घ्या. त्यांत टिझानिडिन हे नाव असेल तर ती गोळी देऊ नका आणि बेळगावच्या डॉक्टरांना लगेच फोन करा.

टिझानिडिन हे आखडलेले स्नायू सैल करणारे औषध आहे आणि कंबर-मानेच्या दुखण्यावर ते बहुधा वेदनाशामकाबरोबर एकाच गोळीत दिले जाते. यकृत ज्या मार्गाने टिझानिडिनचा निचरा करते, तोच मार्ग सिप्रोफ्लॉक्सासिन अडवते. मग टिझानिडिन रक्तात साचत जाते, रक्तदाब एकदम खाली येतो, रुग्णाला गुंगी येते आणि उठताना भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो. वयस्कर बाईच्या बाबतीत असे पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडणे. ही दोन औषधे एकत्र देऊच नयेत असा स्पष्ट इशारा आहे, तरीही ही जोडी माझ्या काउंटरवर अनेकदा आली आहे आणि त्यात कोणा एका डॉक्टरांची चूक होती असे मला म्हणता येणार नाही. आपल्या सीमाभागात रुग्णाचे कागद चार गावांत विखुरलेले असतात. मधुमेहासाठी बेळगाव, हाडांसाठी मिरज, निपाणी-चिकोडीकडच्या लोकांना कोल्हापूर जवळचे वाटते, तर कणकुंबी-जांबोटीकडून कोणी चोर्ला घाट उतरून गोव्याला जातो. प्रत्येक डॉक्टरांपुढे रुग्ण त्यांचीच फाईल ठेवतो. त्यामुळे मिरजेत काय लिहिले ते बेळगावला कळत नाही, आणि सगळ्या गोळ्या एकत्र येतात त्या फक्त आपल्या घरातल्या डब्यात. म्हणून अँटिबायोटिक घेण्यातील सुरक्षिततेची पहिली पायरी म्हणजे घरात चालू असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या डॉक्टरांना आणि फार्मासिस्टला दाखवणे. मधुमेह, रक्तदाब, दमा, फिट, रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी औषधे यांपैकी काहीही चालू असेल तर ते न विचारता आपणहून सांगावे. दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्या रुग्णालाही सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे याच प्रकारे त्रास होऊ शकतो.

आता दुधाविषयी. गोळी उष्ण पडते म्हणून ती दुधाबरोबर द्यावी, ही समजूत मायेपोटीच आलेली आहे, पण या औषधाच्या बाबतीत ती नुकसान करते. दुधातील कॅल्शियम सिप्रोफ्लॉक्सासिनला पोटातच धरून ठेवते, दोघांचे मिळून जे तयार होते ते आतड्यातून नीट शोषले जात नाही, आणि गोळी गिळूनही औषधाचा बराचसा भाग शौचावाटे निघून जातो. नुसते दही, ताक, लस्सी यांचेही तेच, आणि आपला बेळगावी कुंदा हाही आटवलेले दूधच आहे हे ध्यानात असू द्यावे. जेवणात भाजी-भाकरीबरोबर थोडे दही आले तर तेवढ्याने फारसे बिघडत नाही. कॅल्शियम, लोह व जस्त यांच्या गोळ्या आणि आम्लपित्तावरची पातळ पांढरी औषधे मात्र निश्चितच अंतर राखून घ्यावीत. त्यांच्या आधी किमान दोन तास किंवा त्यांच्यानंतर किमान सहा तास, असे सिप्रोफ्लॉक्सासिनचे अंतर असले पाहिजे. आपल्या घरी हे असे बसवता येईल: सिप्रोफ्लॉक्सासिन सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला भरपूर साध्या पाण्याबरोबर, आणि कॅल्शियमची गोळी दुपारी एकच्या आत, जेवणाबरोबर. याहून सोपे म्हणजे सात दिवस कॅल्शियम बंद ठेवू का, असे डॉक्टरांना विचारावे. बहुतेक वेळा ते होकार देतात. दिवसभर पाणी व्यवस्थित प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल तर मात्र ते प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. धने-जिऱ्याचे पाणी द्यायला हरकत नाही, पण ते गोळीऐवजी नव्हे. या औषधाने चहा-कॉफीतील कॅफिनही शरीरात जास्त वेळ राहते, त्यामुळे छातीत धडधडणे किंवा झोप न लागणे असे होत असेल तर चहा कमी करावा.

साखरेची गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाची साखर सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे एकाएकी उतरू शकते, आणि वयस्कर माणसांमध्ये हा धोका अधिक असतो. त्यात आजारपणाने जेवण कमी झालेले असते. सासूबाई संकष्टी किंवा एकादशी धरत असतील तर या सात दिवसांत उपवास करू नये, हे त्यांना समजावून सांगा. घाम फुटणे, हात थरथरणे, एकदम भूक लागणे, असंबद्ध बोलणे यांपैकी काही दिसले तर ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. ती ७० च्या खाली असेल तर, किंवा यंत्र जवळ नसेल तरीही, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि बरे वाटले तरी डॉक्टरांना कळवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

तिसऱ्या दिवशी बरे वाटले ही चांगली खूण आहे, म्हणजे औषध लागू पडते आहे. जिवाणूंची संख्या घटली की ताप आणि जळजळ आधी जातात, पण मागे उरलेल्या जिवाणूंचा बंदोबस्त त्यानंतरच्या दिवसांत होतो. सासूबाईंना जळजळीबरोबर तापही होता, म्हणजे संसर्ग मूत्राशयाच्या वर मूत्रपिंडापर्यंत गेला असण्याची शक्यता डॉक्टरांनी धरली असावी आणि त्यामुळेच सात दिवस लिहिले असावेत. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जितके जास्त दिवस तितके चांगले, असे पूर्वी आम्हीही सांगत असू. गेल्या काही वर्षांतील अभ्यासांतून मात्र असे दिसून आले की अनेक संसर्गांत कमी दिवसांचे औषध तितकेच गुणकारी ठरते, आणि औषध गरजेपेक्षा जास्त दिवस घेतल्याने शरीरातील इतर जिवाणू विनाकारण त्याला सरावतात. साध्या न्यूमोनियात पुष्कळदा पाच दिवस पुरतात, स्ट्रेप्टोकॉकसमुळे झालेल्या घशाच्या संसर्गात पेनिसिलिन दहा दिवस द्यावे लागते कारण तेथे पुढे हृदयाच्या झडपांना इजा होण्याचा धोका टाळायचा असतो, आणि क्षयरोगात औषधे किमान सहा महिने चालतात. म्हणजे दिवस हे आजारावरून ठरतात, आपल्याला कसे वाटते यावरून नव्हे. ‘बरे वाटते आहे, दिवस कमी करता येतील का,’ हा प्रश्न मुळीच चुकीचा नाही. तो डॉक्टरांना फोन करून विचारावा, स्वयंपाकघरात आपसात ठरवू नये.

पुढच्या वेळेसाठी गोळ्या राखून ठेवण्याचा विचार तर मनातून काढूनच टाका. चौदा गोळ्यांपैकी सहा घेऊन थांबल्यास आठ उरतात, म्हणजे चारच दिवसांचे औषध. सहा महिन्यांनी पुन्हा जळजळ झाली तर तो जिवाणू वेगळा असू शकतो आणि त्याच्यावर हे औषध चालेलच असे नाही. शिवाय दोन गोळ्या पोटात गेल्यावर लघवी तपासली तर कल्चरमध्ये जंतू उगवत नाही आणि डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावे लागते. त्याहून वाईट म्हणजे त्या आठ गोळ्या घरातल्या नातवाच्या सर्दीला किंवा शेजारच्या काकूंच्या तापाला दिल्या जातात. सर्दी-पडसे आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते, त्यावर कोणतेच अँटिबायोटिक काम करत नाही. वाढत्या वयाच्या मुलांना तर सिप्रोफ्लॉक्सासिन डॉक्टर काही मोजक्या आजारांतच, विचारपूर्वक देतात. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गाने जगभरात सुमारे १२.७ लाख माणसे थेट दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ही आकडेवारी दूरची वाटते, पण माझ्याकडे येणाऱ्या कल्चरच्या अहवालांत पूर्वी सर्रास चालणाऱ्या औषधांपुढे ‘प्रतिरोधक’ असा शेरा आता वारंवार दिसतो, आणि ज्या संसर्गाला गोळ्या पुरल्या असत्या त्यासाठी रुग्णाला सलाईनमधून औषध घ्यायला दवाखान्यात भरती व्हावे लागते. डॉक्टरांनी औषध बदलल्यामुळे गोळ्या उरल्याच तर त्या नाल्यात, विहिरीत किंवा मलप्रभेत टाकू नयेत. त्यांचे काय करायचे ते जेथून घेतल्या त्या दुकानात विचारावे.

दोन वेळा पातळ शौचास होणे हे बहुतेक अँटिबायोटिकांच्या बाबतीत नेहमीचे आहे, कारण औषध आतड्यातील उपयोगी जिवाणूंनाही मारते. ओआरएस, पेज, मऊ भात द्यावा आणि लक्ष ठेवावे. मात्र दिवसातून तीन-चारपेक्षा जास्त वेळा पाण्यासारखे जुलाब, शौचातून रक्त, पोटात कळा किंवा पुन्हा ताप असे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि जुलाब थांबवणारी गोळी स्वतः होऊन देऊ नये. अँटिबायोटिकमुळे आतड्यात एका घातक जिवाणूचे फावू शकते, त्यात जुलाब दाबून धरणे धोक्याचे ठरते. हा त्रास औषध संपल्यानंतर काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकतो, तेव्हा मागे घेतलेल्या गोळ्यांचा उल्लेख डॉक्टरांकडे अवश्य करावा. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत आणखी एक खूण अशी की टाचेच्या मागची जाड शीर दुखू लागली किंवा सुजली तर चालणे कमी करावे, पुढची गोळी घेऊ नये आणि डॉक्टरांना कळवावे. साठीनंतर, आणि विशेषतः स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना, ती शीर तुटण्याची भीती असते. अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या, ओठ किंवा डोळे सुजले, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आमच्या काउंटरवर जे घडते त्याविषयीही थोडे लिहितो, कारण अर्ध्या चुका तेथेच होतात. पश्चिमेकडच्या गावांतील वयस्कर बायकांना कन्नड फारसे येत नाही, पट्टीवरची अक्षरे इंग्रजीत असतात, आणि गर्दीच्या वेळी दुकानातला मुलगा ‘ऊट आद मेले, दिनक्के एरडु सल’ असे सांगून मोकळा होतो. आजी मान डोलावतात आणि घरी जाऊन अंदाजाने घेतात. त्याचा अर्थ ‘जेवणानंतर, दिवसातून दोनदा’ एवढाच आहे, पण तो समजला नाही तर दिवसाच्या दोन्ही गोळ्या सकाळी एकदमच पोटात जातात. मी पाकिटावर मराठीत वेळ लिहून देतो आणि सूर्य-चंद्राची चित्रेही काढतो. आपल्याला असे मिळाले नाही तर ‘मराठीत लिहून द्या’ असे निःसंकोच म्हणावे. तसेच पट्टी कात्रीने कापून दिली तर औषधाचे नाव आणि संपण्याची तारीख असलेला कोपरा आपल्याकडे आला का ते पाहावे. नाव नसलेल्या चार गोळ्या म्हणजे पुढच्या डॉक्टरांसाठी कोडेच. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, असा तिचा अर्थ आहे. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन अशी काही अँटिबायोटिक्स मार्च २०१४ पासून एच-वन या यादीत आहेत. ती देताना रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवणे आम्हाला कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा फार्मासिस्टने नाव विचारले तर राग मानू नये.

सिप्रोफ्लॉक्सासिनचे नियम सगळ्या अँटिबायोटिकांना लागू होत नाहीत. भातलावणीच्या दिवसांत शेतात काम करणाऱ्यांच्या तापावर डॉक्टर पुष्कळदा डॉक्सिसायक्लिन देतात. एकदा नंदगडकडची एक बाई छातीच्या मधोमध आग होते, थुंकीही गिळवत नाही म्हणून माझ्याकडे आली. लावणीवरून दमून घरी गेल्यावर तिने कॅप्सूल दोन घोट पाण्याबरोबर घेतली होती आणि लगेच अंथरुणावर आडवी झाली होती. कॅप्सूल अन्ननलिकेतच चिकटून तेथे जखम झाली होती. हे औषध पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यावे, नंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये, आणि ते चालू असताना उन्हात अंग झाकून काम करावे, कारण त्वचा लवकर भाजते. गरोदर असल्यास किंवा तशी शंका असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट जेवणाच्या सुरुवातीला घेतले तर पोटाला कमी लागते. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यानंतर तीन दिवस दारूचा थेंबही नको. नायट्रोफ्युरँटोइनने लघवी गडद पिवळी-तपकिरी होते आणि क्षयाच्या रिफॅम्पिसिनने नारिंगी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नसते.

लहान मुलांच्या कोरड्या पावडरीच्या बाटलीत पाणी घालताना तर मी आईलाच काउंटरवर करून दाखवायला सांगतो. बाटली आधी हातावर आपटून पावडर मोकळी करायची, उकळून पूर्ण थंड केलेले पाणी निम्म्यापर्यंत घालून हलवायचे, फेस बसू द्यायचा आणि मग रेघेपर्यंत पाणी भरायचे. एकदम रेघेपर्यंत ओतले तर फेस खाली बसल्यावर पाणी कमी पडते आणि औषध दाट होते. डोस बाटलीबरोबरच्या मापानेच द्यायचा, घरातल्या चमच्याने नाही, आणि दर वेळी बाटली हलवायची. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटचे तयार केलेले औषध फ्रिजमध्ये ठेवावे लागते आणि सात दिवसांनंतर वापरायचे नसते. घरी फ्रिज नसेल तर तसे डॉक्टरांना आधीच सांगावे.

एखादी वेळ चुकली तर, पुढच्या गोळीला सहा तासांपेक्षा जास्त अवधी असल्यास चुकलेली सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी आठवताक्षणी द्यावी. अवधी त्याहून कमी असेल तर ती सोडून द्यावी आणि नेहमीच्या वेळी एकच गोळी द्यावी. दोन एकदम कधीही देऊ नयेत.

लघवीच्या कल्चरचा अहवाल साधारणपणे दोन-तीन दिवसांत येतो, म्हणजे सासूबाईंचा एव्हाना आला असेल. बरे वाटत असले तरी तो प्रयोगशाळेतून आणून डॉक्टरांना दाखवावा. जिवाणूवर याहून सौम्य किंवा अधिक नेमके औषध चालत असेल तर ते गोळी बदलतील, आणि त्या वेळी ‘आणखी किती दिवस’ हा प्रश्नही समोरासमोर विचारता येईल. जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, कोणत्याही औषधाने पूर्वी कधी अंगावर उठले असेल तर त्याचे पट्टीवर बारीक अक्षरांत छापलेले मूळ नाव एका कागदावर लिहून न्या, आणि त्या पिशवीत मिरजेची चिठ्ठीही असू द्या.